इलेक्ट्रॉनिक्सचं खातं आणि आमच्या घरची माणसं

केंद्र सरकारचं इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय आजच्या रूपात उभं राहिलं ते जुलै २०१६ मध्ये. दिल्लीत लोधी रोडवर इलेक्ट्रॉनिक्स निकेतन नावाच्या इमारतीत त्याचा कारभार चालतो. आधार, डिजीलॉकर, जिल्ह्याजिल्ह्यातली एनआयसीची, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, कार्यालयं असा मोठा पसारा या मंत्रालयाकडे आहे. त्याचा अधिकृत इतिहास अधिसूचनांमध्ये सापडतो. मला तो आधी सापडला आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात. त्यांच्यापैकी कोणीही मंत्रालयात नोकरीला नव्हतं आणि आपण कुठल्या मोठ्या इतिहासाचा भाग आहोत असं त्यांना कधी वाटलंही नाही. गणपतीत सगळे जमले, जेवणं आटोपली आणि सुपारी कातरायला घेतली की या गोष्टी निघत. नंतर मी पुस्तकं धुंडाळली, तारखा जुळवल्या, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकाच्या वाट्याला या खात्याचा एकेक काळ आला होता.

थोरले काका लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते. जबलपूरला शिकले आणि १९६२ च्या हिवाळ्यात, चीनशी युद्ध झालं तेव्हा, नेफात म्हणजे आजच्या अरुणाचलात होते. युद्धावर ते फारसं बोलत नसत. बॅटऱ्यांवर मात्र बोलत. "सेट होते रे, पण बॅटरी चार्ज करायची कशावर? थंडीनं बॅटऱ्या मरायच्या. मग चिठ्ठी लिहून माणूस पळवायचा खाली. तो पोचेपर्यंत चिठ्ठीतलं सगळं शिळं झालेलं असायचं." एवढं बोलून ते गप्प व्हायचे आणि आम्हीही पुढे विचारायचो नाही.

त्या पराभवानंतर वर्षभराच्या आत, ऑगस्ट १९६३ मध्ये, सरकारनं होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. देशाला वायरलेस, रडार, संगणक, त्यांचे सुटे भाग किती लागतील आणि ते इथे कसे बनवता येतील, हे तिनं ठरवायचं होतं. समितीचा अहवाल १९६६ साली आला. त्याच वर्षी २४ जानेवारीला माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले होते. समितीची धुरा विक्रम साराभाईंकडे आली. उद्योग कोणाच्या हाती असावा यावरून संरक्षण खातं आणि अणुऊर्जा खातं यांच्यात बरीच ओढाताण झाली, आणि अखेर जून १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं खातं निघालं. पुढच्या फेब्रुवारीत अणुऊर्जा आयोगाच्या धर्तीवर इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक एम. जी. के. मेनन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. खातं खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हाताखाली होतं.

हे सगळं मी काकांना सांगितलं तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. बराच वेळ त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आमची बोंब वर पोचली म्हणायची." या मंत्रालयाच्या जन्माबद्दल याहून नेमकं वाक्य मला कुठल्या ग्रंथात मिळालेलं नाही. ते जन्मलं टंचाईतून आणि हारीतून. पुढची कितीतरी वर्षं त्याच्या वागण्यात जो धास्तावलेपणा होता, परकं यंत्र आत येताना सतरा वेळा विचारण्याची जी सवय होती, ती मला या उगमापासूनच आलेली दिसते.

कुलाब्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. खातं निघण्याच्या दहा वर्षं आधी, १९६० साली, त्याच टाटा संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुणांनी स्वतःच्या हातांनी एक मोठा संगणक बांधून चालू केला होता. त्यातल्या फारच थोड्यांनी आधी संगणक पाहिला होता. संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनाला नेहरू आले तेव्हा, १९६२ मध्ये, त्याचं टिफ्रॅक असं नाव ठेवण्यात आलं. मुंबईत बनलेल्या या यंत्राबद्दल मराठी शाळांमध्ये एक ओळ तरी शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचीच दुसरी गोष्ट मावशीची. मॅट्रिक झाल्यावर टायपिंगच्या परीक्षा देऊन ती एका विमा कचेरीत लागली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिला पंचिंगच्या विभागात पाठवलं. ऐंशी रकान्यांचं जाड कार्ड, त्यात यंत्रानं भोकं पाडायची. एक मुलगी पंच करायची, दुसरी तेच कार्ड पुन्हा व्हेरिफायरवर घालून तीच अक्षरं दाबायची. फरक पडला की यंत्र अडायचं आणि कार्ड बाद व्हायचं. बाद कार्डं घरी यायची. आमच्या लहानपणी वाण्याची यादी त्यांच्या पाठीवर लिहिली जायची आणि पोथीत खूण म्हणून तीच असायची. संगणकाची खोली वातानुकूलित होती. भर मे महिन्यात दादरहून घामाघूम होऊन आलेल्या या मुली आत जाताना स्वेटर घालत आणि चपला दाराबाहेर काढून ठेवत. मावशी म्हणते, देवघरात शिरल्यासारखं वाटायचं, फक्त तिथला देव सारखा खडखडाट करायचा.

याच मुली संध्याकाळी युनियनच्या सभेला जात आणि "यंत्र नको" म्हणत. मावशीला त्यात विसंगती वाटत नसे, आणि मलाही आता वाटत नाही. काम आवडत होतं आणि भीतीही खरी होती. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी १९६६ च्या सुमाराला संगणक कचेरीत येऊ नये म्हणून इमारतीवर रात्रंदिवस पहारा दिला होता. मुंबईच्या कचेऱ्यांतही तीच चर्चा होती. घरात एकटी कमावती मुलगी, पाठची भावंडं शिकायची, आणि वरचा साहेब म्हणतो की या यंत्रामुळे शंभर कारकुनांचं काम होतं. सरकारनं १९६९ मध्ये या प्रश्नावर समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकरांना दिलं. देशात गरिबी किती आहे हे मोजण्याचं काम ज्यांनी नीलकंठ रथ यांच्या साथीनं केलं, तेच दांडेकर. अहवाल १९७२ साली आला. बेकारीनं गांजलेल्या देशात यंत्राला कुठे जागा द्यावी, असा त्या समितीपुढचा सवाल होता. इलेक्ट्रॉनिक्सचं नवं खातं यंत्रं वाढवायला निघालं होतं आणि त्याच वेळी सरकारच दुसऱ्या बाजूनं, थांबा, आधी माणसांचं बघू, म्हणत होतं. आज ते मागासपणाचं लक्षण म्हणून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तो प्रश्न रास्त होता आणि तो विचारण्यासाठी एका अर्थशास्त्रज्ञाला बसवणारं सरकार शहाणं होतं.

मावशीची नोकरी गेली नाही. पंचिंग गेलं, मग ती टर्मिनलवर बसली आणि तिथूनच निवृत्त झाली. मधल्या काळातली एक आठवण ती नेहमी सांगते. १९७८ मध्ये आयबीएम देश सोडून गेली. विदेशी चलन कायद्याप्रमाणे भांडवलातला वाटा कमी करायला कंपनी तयार नव्हती. यंत्रं बिघडली तर आता बघणार कोण, याची धास्ती कचेरीत पसरली. पहिला बिघाड झाला आणि दुरुस्तीला तोच जुना इंजिनिअर आला, फक्त त्याच्या कार्डावर नाव होतं सीएमसी. ही सरकारी कंपनी खात्यानं दोनेक वर्षं आधी याच कामासाठी काढून ठेवली होती आणि आयबीएमची बरीच माणसं तिच्यात गेली होती. "त्याला बघून आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले," मावशी म्हणते. त्याच सीएमसीनं पुढे १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेचं संगणकीय आरक्षण बसवलं. आरक्षणासाठी पहाटेपासून रांग लावलेल्या माझ्या वडिलांच्या पिढीला सरकारी संगणकाचा पहिला उपयोग कळला तो तिकिटाच्या खिडकीवर. त्यानंतर "यंत्र नको" ही घोषणा आपोआप मंदावली.

आतोबांचा अनुभव वेगळा. आत्याचे यजमान पुण्याचे, भोसरीत त्यांचा छोटा कारखाना होता. मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं करत. कुठलीही चिप बाहेरून आणायची तर परवाना, उत्पादन वाढवायचं तर परवाना. झेलम एक्स्प्रेसनं दिल्ली गाठायची, पहाडगंजातल्या बृहन्महाराष्ट्र भवनात उतरायचं आणि फाइल काखोटीला मारून कचेऱ्या पालथ्या घालायच्या. एकदा त्यांना परवाना मिळाला तेव्हा ती चिपच बाजारातून गेली होती, कंपनीनं तिच्या जागी नवी काढली होती. आत्या त्या वर्षाला अजून "दिल्लीचं वर्ष" म्हणते. राग आतोबांच्या आवाजात शेवटपर्यंत होता, पण ते एकांगी नव्हते. मुंबईत अंधेरीला खात्याची चाचणी प्रयोगशाळा होती. लहान कारखानदाराला जी उपकरणं सात जन्मांत परवडली नसती, ती तिथे माफक दरात वापरता येत. आपलं उपकरण तिथून पास होऊन आलं की आतोबा ते प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावत. त्यांचं म्हणणं असं: "या लोकांनी जे स्वतः उभं केलं ते नंबरी केलं. जिथे नुसती सही करायची होती तिथे मात्र आम्हाला मारलं." या खात्याच्या पन्नासाहून अधिक वर्षांचं मूल्यमापन करायला मी बसलो तर या दोन वाक्यांपलीकडे फार जाणार नाही.

१९८४ च्या नोव्हेंबरात, राजीव गांधी पंतप्रधान होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच, नवं संगणक धोरण आलं. परवाने सैल झाले, आयातशुल्क उतरलं. आतोबांच्या कारखान्याला त्याचा फायदा झाला आणि पुढच्या दहा वर्षांत बाहेरच्या स्वस्त मालाचा फटकाही बसला.

त्या काळात खात्यानं उभ्या केलेल्या गोष्टी पाहिल्या तर आतोबांचं पहिलं वाक्य पटतं. १९८६ मध्ये आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था यांना जोडणारं अर्नेट हे संगणकांचं जाळं सुरू झालं. देशातली पहिली ईमेलं त्यावरून गेली. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सीडॅक हे प्रगत संगणन विकास केंद्र निघालं. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिला होता, आणि तीन वर्षांत, तीस कोटींत आपला महासंगणक करायचा असं काम विजय भटकरांच्या चमूकडे सोपवलं गेलं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पुण्यात त्या दिवसांत गणेशखिंड रस्त्यानं जाताना रिक्षावाला हात करून "तिकडे महासंगणक आहे" असं सांगायचा. थोरल्या काकांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली होती. पाकीट बदललं तरी कात्रण नव्या पाकिटात जायचं.

मामाची गोष्ट मात्र मला या सगळ्यात जवळची वाटते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामा मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी महसूल खात्यात कारकून होता. एन. शेषगिरी यांनी उभ्या केलेल्या एनआयसीनं तेव्हा देशभरच्या जिल्हा कचेऱ्या उपग्रहानं दिल्लीला जोडायला घेतल्या होत्या. कलेक्टर कचेरीच्या गच्चीवर एक छोटी तबकडी बसली. दूरदर्शनवर रामायण चालू असण्याचे ते दिवस. दर सोमवारी तक्रारी घेऊन येणारे शेतकरी मान वर करून विचारायचे, "साहेब, यावर रामायण दिसतं का?" मामा सांगायचा, "नाही, यावरून आपल्या जिल्ह्याचा पाऊस दिल्लीला दिसतो." गच्ची पाहायला मग शाळेची मुलंही यायची.

पण खाली टेबलावर अडचण होती. तलाठ्याचं दप्तर मराठीत आणि यंत्राला फक्त इंग्रजी येत होतं. सातबारावरचं नाव इंग्रजीत उतरवताना माणसाचं नावच बदलायचं, मग वारसाच्या नोंदीत घोळ. मामा आठवड्याचं काम रात्री घरी आणून नावं ताडून पाहायचा. यावरचा उपाय कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि सीडॅकमध्ये वाढलेल्या कामातून निघाला. जिस्ट नावाचं एक कार्ड साध्या संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवून दिला आणि १९९१ मध्ये लिप्यांची सांकेतिक पद्धत भारतीय मानक म्हणून मान्य झाली. मामानं पहिल्यांदा मराठीत टाइप केलेला कागद आजीला आणून दाखवला होता. आजीला वाचता येत होतं, पण चष्मा सापडेना, तर तिनं नुसता हात फिरवला. आज आपण फोनवर मराठी लिहितो, भांडतो, बारशाची निमंत्रणं पाठवतो, त्याच्यामागे सरकारी खात्यातल्या आणि पुण्याच्या सीडॅकमधल्या माणसांची ही मेहनत आहे. सॉफ्टवेअर निर्यातीचे आकडे दरवर्षी छापून येतात. या कामाचं कौतुक त्या मानानं फार थोडं झालं.

१९९५ च्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये खात्याचं मंत्रालय झालं, नाव माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, आणि मंत्री प्रमोद महाजन. अंबाजोगाईत वाढलेला माणूस या खात्याचा मंत्री झाला याचं मराठवाड्यात फार अप्रूप होतं. जून २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा झाला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला, डिजिटल सहीला कायद्याचं बळ मिळालं. त्याआधीच, १९९८ पासून, वारणेच्या खोऱ्यात एनआयसी आणि वारणा सहकारी समूह यांनी सत्तर गावं संगणकानं जोडण्याचा प्रयोग केला होता. उसाच्या नोंदी, वजनं गावातल्या संगणकावर कळायला लागली. २००१ मध्ये माहिती तंत्रज्ञान दळणवळणाच्या मंत्रालयात मिसळलं आणि पुढची पंधरा वर्षं ते तिथलं एक खातं होऊन राहिलं. हा काळ घरातल्या कोणाच्याच आठवणीत ठळक नाही.

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आधार तेव्हा नियोजन आयोगाकडे होतं, २०१५ मध्ये ते या खात्याकडे आलं. त्याच वर्षीच्या जुलैत डिजिटल इंडियाची घोषणा झाली आणि पुढच्या जुलैत मंत्रालय पुन्हा वेगळं झालं. आता त्याचं काम यंत्रं देशात आणण्यापुरतं राहिलं नव्हतं. माणसाची ओळख, त्याचे कागद, त्याचं बोलणं, सगळं मंत्रालयाच्या कक्षेत आलं. पालघरमध्ये २०१२ साली फेसबुकवरच्या मजकुरासाठी दोन मुलींना अटक झाली, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलम लावलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये ते रद्द केलं. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. आधी माहिती गोळा झाली आणि तिच्या रक्षणाचा कायदा मागून आला, हा क्रम चुकला असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशी आता ब्याऐंशीची आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो जीवन प्रमाण म्हणून अंगठ्याच्या ठशावर देता येतो. पण मावशीचे ठसे उमटत नाहीत. आयुष्यभर कळा दाबून आणि नंतर भांडी घासून बोटं गुळगुळीत झाली आहेत. एका केंद्रावरच्या मुलानं तिचा अंगठा पुन्हा पुन्हा पुसून ठेवला, शेवटी म्हणाला, "आजी, तुम्ही येत नाही." तिला ते वाक्य फार लागलं. घरी येऊन ती म्हणाली, "मी पंच केलेलं कार्ड बाद झालं तर मी दुसरं करायचे. माणसाला बाद नव्हतं करत कोणी." पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, पोस्टमन घरी येऊन दाखला करून द्यायला लागला, आणि तिचा प्रश्न सुटला. पोस्टमन आला की ती त्याला चहा करते आणि त्याच्या यंत्राचा मॉडेल नंबर विचारते.

अंगठा न उमटणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असा पोस्टमन पोचतोच असं नाही. कष्टकऱ्यांच्या, ऊसतोड करणाऱ्यांच्या हाताच्या रेषा साठीच्या आधीच झिजतात. रेशन दुकानावर, बँकेच्या दारात यंत्रानं नाही म्हटलं तर हो म्हणायला एक जबाबदार माणूस तिथे बसलेला असला पाहिजे, आणि त्याच्या शब्दाला यंत्राइतकंच वजन पाहिजे. दांडेकर समितीपुढे प्रश्न होता तो यंत्रामुळे किती माणसांचं काम जाईल याचा. आज मंत्रालयानं त्याच गांभीर्यानं समिती बसवून मोजायला हवं ते हे, की यंत्रामुळे किती माणसांचा हक्क अडतो.

आणखी एक मागणं वाचकांकडे आहे. थोरले काका गेले, आतोबा गेले. मामा थकला आहे. कार्ड पंच करणाऱ्या मुली, तबकडी बसवणारे वायरमन, सीडॅकच्या पहिल्या तुकडीतले इंजिनिअर, रात्र जागून सातबारे संगणकात उतरवणारे तलाठी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या घरात किंवा शेजारी असेल तर एखाद्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि गाव, साल आणि कामाचं नाव न विसरता लिहून ठेवा.